तिल्डाची रिकामी जागा

व्हर्ना आत्याचं मागणं साधं होतं. मेल्यावर तिला तिच्या आईच्या शेजारी जागा हवी होती. लग्न नाही, मूल नाही. आयोवाच्या या मक्याच्या मुलखात कोंबड्या पाळत आणि चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवत तिने एकोणऐंशी वर्षं काढली आणि कधी कोणापुढे हात पसरला नाही. हृदय फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती मला म्हणाली, "लोइस, डॅरेलला बोलाव. जागा आखून घेऊ."

डॅरेल आमच्या दफनभूमीत कबरी खणतो. आमच्या घराण्याचा दगड एकच. त्यावर उजवीकडे आजोबा हेनिंग, डावीकडे आजी तिल्डा. माझे वडील जन्मले त्याच हिवाळ्यात, १९२० साली, आजी गेली असं आम्हाला ठाऊक होतं. आत्या तेव्हा पाच वर्षांची. तिच्या आईने दारात लावलेल्या पिओनी फुलल्या की मेअखेरीस, थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी, आत्या बादलीभर लाल फुलं त्या डाव्या बाजूला ठेवायची. एकही वर्ष चुकवलं नाही.

डॅरेल लोखंडी सळई जमिनीत खुपसून कबरींची हद्द शोधू लागला. हेनिंगपाशी सळई सहज आत गेली. तिल्डापाशी वीतभरही जाईना. त्याने इकडेतिकडे खुपसून पाहिलं आणि मग टोपी काढून हातात घेतली.

"व्हर्नाबाई, इथे कोणी नाहीये."

"काय बोलतोस?"

"एकदा खणलेली माती पुन्हा अशी घट्ट होत नाही. ही कधी उकरलीच नाहीये."

"सकाळीच लावून आलास की काय?" आत्या हसून म्हणाली. पण तिने माझा दंड धरला होता आणि तो सोडला नाही.

आमच्याकडे न बोलण्याला सभ्यपणा म्हणतात. मला या सभ्यपणाचा मनापासून राग येतो. त्याच दुपारी मी आत्याला घेऊन वृद्धाश्रमात गेले. तिथे आजोबांची धाकटी बहीण, अल्विना आजी, खिडकीशी कॉफी पीत बसली होती. नव्वदी उलटली तरी कान तिखट. तिल्डा कुठे आहे, असं मी तिला सरळ विचारलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"डॅरेलच्या सळईने."

आजीने कप खाली ठेवला. "बाळ झालं आणि ती खुर्चीतून उठेचना. चूल विझलेली, बाळ रडतंय आणि ही आपली भिंतीकडे बघत बसलेली. हेनिंगने तिला टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. बरी होऊन येईल असं वाटलं होतं गं. मग व्हर्ना, तू रोज विचारायला लागलीस, आई कधी येणार. त्याला ते सोसेना. एक दिवस तो दगडच घेऊन आला."

"आणि ती?" आत्याने विचारलं.

"राहिली तिथेच. पन्नास-एक्कावन्न साल असेल. हेनिंग भर बर्फात चांगला सूट घालून सकाळी टेकडीवर गेला. संध्याकाळी आला आणि गोठ्यात जाऊन धारा काढल्या. मी काही विचारलं नाही. काय ते कळलंच."

मी हिशेब करत होते, आत्या तेव्हा पस्तिशीची असेल. आत्या मात्र भलतीकडेच पोचली होती.

"टेकडीवर तर मी दर नाताळात जायचे, अल्विना आत्या. चर्चच्या बायकांबरोबर. लाह्यांचे लाडू वाटायला."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"लाडू वळायला मीच तर तुझ्या शेजारी उभी असायचे," अल्विना आजी म्हणाली आणि रडायला लागली. मला तिची दया आली नाही. अजूनही येत नाही.

गाडीत बसल्यावर आत्याने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "पाद्रींच्या बायकोने बजावून ठेवलं होतं, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू नका, त्यांना वाईट वाटतं. म्हणून मी बघतच नव्हते गं. खाली मान घालून लाडू द्यायचे. मला नुसते हात आठवतात, लोइस. इतके हात."

पिओनी उमलल्यावर आम्ही टेकडीवर गेलो. इस्पितळामागच्या उतारावर गवतात प्रत्येक कबरीवर सिमेंटचा खुंट होता, नावं नव्हती. कुठला खुंट कोणाचा ते आता सांगता येत नाही, असं तिथला माणूस म्हणाला. बिचारा ओशाळला होता. आत्याने बादली उचलली आणि पहिल्या रांगेपासून एकेक फूल ठेवत निघाली. तिसऱ्या रांगेत फुलं संपली. रिकामी बादली घेऊन ती पुढच्या खुंटांकडे बघत उभी राहिली. शेवटी मीच तिला धरून गाडीत बसवलं.

परत येताना तिने डॅरेलच्या दारात गाडी थांबवायला लावली.

"मला शेजारी नको. आईच्याच जागेत घाल."

"आणि नाव कुठे कोरायचं, बाई?"

"नको कोरू. तिचंच राहू दे. निदान त्या नावाखाली कोणीतरी असेल."

ऑक्टोबरात, मक्याची कापणी चालू असताना आत्या गेली. तिल्डाची जागा तेव्हा पहिल्यांदा खणली गेली. माती इतकी कडक की डॅरेलला कुदळ मागवावी लागली.

दफनानंतर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, कॉफी. आत्याबरोबर जन्मभर गोधड्या शिवलेली इर्मा माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "आईच्या शेजारी गेली बिचारी. बरं झालं."

"तिची आई तिथे नाहीये," मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "ती टेकडीवर आहे. आणि हे तुम्हाला माहीत होतं."

टेबलाभोवतीच्या म्हाताऱ्या कपात चमचे फिरवू लागल्या. एकीनेही मान वर केली नाही. मग इर्माने सॅलडचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

"घे ना गं, लोइस. खूप उरलंय."