उताऱ्यातला सुखी शेतकरी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अंकलिपी नंतर आली. आमच्या घरात पीठ अधूनमधून संपायचं, पत्रकं कधीच संपली नाहीत. गुलाबी, पिवळ्या, बोट लावलं तर फाटेल अशा कागदांचे गठ्ठे वडील पुण्याहून आणायचे, आणि पुढेपुढे मजकूरही स्वतःच लिहायला लागले. त्यामुळे मला ‘जागे व्हा’ हे शब्द ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता आले. वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नसलं की ते अर्धवट राहिलंय असं वाटायचं. ही खोड अजून पुरती गेलेली नाही.

इंग्रजी मात्र उशिरा भेटलं. सरकारने ठरवलं होतं की मुलांना ते आठवीपासूनच शिकवायचं. साहेब गेला, आता त्याची भाषा कोवळ्या डोक्यांवर कशाला? विचार चांगला होता, पत्रकात शोभेल असा होता. फक्त नोकऱ्या देणाऱ्यांना तो कुणी कळवला नव्हता.

आमचं गाव चिखलीच्या वाटेवर. गावात वीज नव्हती. अशा गावाची जमीन विजेच्या दिव्यांचा कारखाना काढायला घेतली गेली. चावडीसमोर खुर्ची टाकून एका अधिकाऱ्याने शब्द दिला, की ज्याची जमीन जाईल त्याच्या घरातल्या एकाला काम मिळेल. जमीन गेली, भिंती उठल्या, भोंगा बसला, आणि मग फाटकावर सूचना लागली की काम ‘योग्य’ उमेदवारालाच मिळेल. योग्य म्हणजे इंग्रजी येणारा. परीक्षा तीन भागांत: व्याकरण, शब्दांचे अर्थ आणि वाचन. कारण असं सांगितलं की दिव्यांच्या खोक्यांवर सगळं इंग्रजीत छापलेलं असतं. बागेतल्या माळ्यालाही तीच परीक्षा होती. झाडांवर काय छापलं होतं ते कळलं नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी जाहीर केलं, “ज्या कारखान्याने माझी जमीन गिळली, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही!”

चुलीपाशी आत्या भाकरी थापत होती. तिने वरही पाहिलं नाही. “मग मी ठेवते,” ती म्हणाली.

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. नवऱ्याने टाकलेली. मी जन्मायच्या आधीच ती माहेरी परत आली होती, आणि आई गेल्यापासून घर तिच्याच हातावर चाललं होतं. भाऊ तिला कधी उणा शब्द बोलला नाही हे खरं. तिने कधी काही मागितलं नाही हे त्याहून खरं. वर्षाला दिवाळीत एक लुगडं, तेही आबांना बाजारात पहिलं हाताला लागेल ते; बहुतेक वेळा मातकट.

“तुला काय कमी आहे इथे?” आबांनी विचारलं.

“काय न्हाई. मला फकस्त माझं लुगडं माझ्या पैशानं घ्यायचंय. रंग मी ठरवनार.”

आबांनी पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि ते बाहेर गेले.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. गावात इंग्रजी येणारी मी एकटी, त्यामुळे मारुतीच्या देवळात दुपारचा वर्ग मी सुरू केला. अन्यायाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना शिकवणं म्हणजे अन्यायाला हातभार लावणं की अन्यायाशी झुंजणं, यावर मी दोन दिवस विचार केला. तोवर आत्याने देऊळ झाडून सतरंजी टाकलीसुद्धा.

पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. पहिले काही महिने ए-बी-सी-डीतच गेले. पुस्तक रद्दीतून आणलेलं, परक्या लोकांना इंग्रजी शिकवण्यासाठी तिकडच्या कुणीतरी लिहिलेलं. त्यात एक उतारा होता. एक गृहस्थ चहाच्या दुकानात छत्री विसरतो आणि ती आणायला परत जातो. खाली प्रश्न: गृहस्थ दुकानात परत का गेला?

शेजारचे पैलवान मांडी ठोकून म्हणाले, “चा प्यायला.”

“नाही हो काका. छत्री आणायला. इथे लिहिलंय.”

“लिवलंय त्ये दिसतंय मला. पन खरं काय? छत्रीसाठी मानूस येवढं मागारी जातो व्हय? आत चा देनारी कोन हुती त्ये न्हाई लिवलं!”

पुरुषांत हशा. एकजण म्हणाला, “पैलवान, तुमाला कसं ठावं राव?”

“काका, जे लिहिलंय तेच सांगायचं असतं,” मी म्हणाले.

“आन लिवनारा खोटं बोलत आसंल तर?”

हा प्रश्न मला इतका आवडला की मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. परीक्षेच्या हिशेबात त्याला शून्य गुण होते. पुढचे सगळे दिवस पुरुष असेच उताऱ्यांशी भांडत राहिले. घोडा आजारी पडला, तर त्याला असा चारा घालायचाच नव्हता. पाहुणा उशिरा आला, तर तो मुद्दामच उशिरा आला. वर्ग म्हणजे पंचायत झाली होती आणि प्रत्येक उतारा आरोपी होता.

बाया मात्र एका शब्दाने भांडल्या नाहीत. विचारलं की उत्तर, तेही उताऱ्यातलंच. मला वाटलं बुजतायत बिचाऱ्या. मी त्यांना शेवटी एक भाषणच दिलं: बायांनी प्रश्न विचारला पाहिजे, मान वर केली पाहिजे, वगैरे. भाषण संपल्यावर आत्या म्हणाली, “बये, ह्या बाप्यांची ही पयलीच परीक्षा हाय. आमची एक झाल्याली हाय.”

“कुठली?”

“आगं, लगनाआधी बघाया आले न्हाईत का आमाला? चालून दाव. बसून दाव. सुईत दोरा ओव. सैपाक येतो? येतो. राग येतो? न्हाई येत. तवा कुनी खरं सांगितलं व्हय? समोरच्याला काय ऐकायचंय त्ये वळखायचं आन त्येवढंच बोलायचं. समद्या पास झालो आमी.” मग म्हणाली, “ह्ये तर बरं हाय. पाय तरी बघत न्हाईत.”

बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पैलवान देवाकडे बघत बसले.

मी मग नाइलाजाने सगळ्यांना युक्ती शिकवली. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते शोधायचं, तिथलं वाक्य उचलून ठेवायचं. अर्थ कळला नाही तरी चालतं. आमच्या शाळेत बक्षिसं याच युक्तीवर मिळत. जन्मात बर्फ न पाहिलेल्या मुली बर्फावर पैकीच्या पैकी गुण घेत. पुरुषांना ही लबाडी वाटली. आत्याला ती खुरपणी वाटली. “पान वळखायचं आन उपटायचं, येवढंच की,” ती म्हणाली, आणि पंधरवड्यात माझ्यापेक्षा वेगाने उपटू लागली.

परीक्षा कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. भर दुपारी डोक्यावर दिवे जळत होते. दिव्यांचा कारखाना आहे हे आम्ही विसरू नये म्हणून असेल. परीक्षा घेणारे साहेब पुण्याचे, टाय लावलेले, मृदू आवाजाचे. ते वाईट नव्हते. वाईट असते तर लिहायला सोपं गेलं असतं. बायांना समजावून सांगायला मला त्यांनी आतच बसवून घेतलं.

व्याकरण आणि शब्दार्थ लेखी झाले. गाळलेल्या जागा भरल्या गेल्या. काही जागा, विशेषतः पुरुषांच्या, गाळलेल्याच राहिल्या. मग तोंडी वाचन. साहेब उभे राहिले आणि जरा अभिमानाने म्हणाले की परदेशी पुस्तकांतले उतारे आपल्या लोकांना परके वाटतात, ते न्याय्य नाही, म्हणून त्यांनी स्वतः इथल्या जीवनावर एक उतारा रचला आहे. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

उताऱ्यात एक शेतकरी होता. त्याच्याकडे माळ होता. माळावर काही पिकत नव्हतं. मग कारखाना आला. शेतकऱ्याने आनंदाने जमीन दिली. आता त्याच्या घरी काम आहे. शेतकरी सुखी आहे, कारण कारखाना आला आहे.

आमच्या त्या ‘माळा’वरचा कांदा चाकणच्या बाजारात गाडीतून उतरायच्या आधी खपायचा.

पहिले पैलवान. त्यांनी अडखळत का होईना, उतारा पुरा वाचला. साहेबांनी विचारलं, शेतकरी सुखी का आहे? पैलवानांनी कागद टेबलावर ठेवला. “फार्मर नॉट हॅपी,” ते म्हणाले. इंग्रजी तिथे संपलं. “साहेब, त्यो फार्मर मीच हाय. मला इचारा की.”

साहेब गडबडले. “पैलवान, उताऱ्यात काय लिहिलंय तेवढं सांगा.”

“उतारा तुमचा, साहेब. शेत माझं हुतं.”

खिडकीबाहेर गर्दी होती, तिने आरोळी ठोकली. साहेबांनी कपाळ पुसलं आणि पैलवानांच्या नावापुढे फुली मारली. मला टाळी वाजवावीशी वाटत होती. आत्याची पाळी आली तेव्हा मी दारातच तिला गाठलं. “आत्या, तूही खरं तेच सांग.”

तिने पदर सारखा केला, आत गेली आणि खाली बघत बसली. मग उतारा वाचला, शब्दाखाली बोट धरून, न थांबता. साहेबांनी विचारलं, “व्हाय इज द फार्मर हॅपी?”

बोट कागदावर वर सरकलं, खाली आलं, थांबलं.

“द फार्मर इज हॅपी बिकॉज द फॅक्टरी हॅज कम.”

“व्हेरी गुड, बाई! व्हेरी गुड!” साहेबांचा चेहरा खुलला. बाहेरची गर्दी पांगू लागली. आत्या तशीच बसून राहिली. मग तिने हळूच विचारलं, “उठू आता?”

परतताना माळावरच्या वाटेने आम्ही दोघीच होतो. मी बोलत सुटले. स्वाभिमान, विश्वासघात, भाकरीचा तुकडा, सगळं बोलून झालं. “फितूर झालीस तू!” मी म्हणाले.

“कुनाला?”

“शेतकऱ्याला!”

“शेतकरी कोन?”

“कोण म्हणजे? आपण!”

“आपन न्हाई.” ती वाटेत थांबली. “सातबाऱ्यावर नाव तुझ्या बापाचं. खुरपलं मी, कांदं काडलं मी, राखन केली मी, आन शेतकरी त्यो. शेत गेलं तवा मला कुनी इचारलं न्हाई. हुतं तवा बी न्हाई. साहेबानं इचारलं, शेतकरी का सुखी हाय? मला काय ठावं? कागदात हुतं त्ये सांगितलं. त्यानं इचारायचं हुतं, बाई, तू सुखी हाईस का? मग सांगितलं आसतं खरं.”

ती पुढे चालू लागली. मी मागून.

आबांचं पत्रक लगेच निघालं, गुलाबी कागदावर. त्यात पैलवानांचं उत्तर होतं, पण अशा भाषेत की पैलवानांनाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं असतं. शेवटी एक ओळ होती: ‘काही दुबळ्या मनांनी मात्र तुकड्यासाठी मान तुकवली!’ नाव नव्हतं. गावातून चौघीच पास झाल्या होत्या, सगळ्या बायाच, आणि त्यातली एकच आबांच्या घरात राहत होती.

आबांनी ते घरात मोठ्याने वाचलं. आत्याने हात पुसून कागद मागितला. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. परीक्षेत वाचला तसाच, बोट धरून, सगळा वाचला.

“दादा, येक प्रश्न इचारू?”

“विचार ना.”

“ह्या शेतात कुनी कुनी काम केलं?”

“म्हणजे?”

“उताऱ्यात बघून सांग.”

आबांनी कागद घेतला. वरून खाली गेले, पुन्हा वर आले. ‘शेतकरी’ होता, ‘बांधव’ होते, ‘काळ्या आईचे सुपुत्र’ होते. “बांधव म्हटलं की त्यात सगळे आले,” ते म्हणाले.

“साहेबाच्या उताऱ्यात बी समदे सुखी हाईत,” आत्या म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

ती कामावर जाऊ लागली. भोंगा झाला की डबा घेऊन निघायची आणि दिवसभर खोक्यांत दिवे भरायची. संध्याकाळी कंदिलाची काच पुसायला घरी यायची. पैलवान चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलू लागले. गावात त्यांचं उत्तर अजून सांगतात, मीही सांगते. पोती मात्र त्यांची त्यांनाच उचलावी लागली. घरच्या भाकऱ्या माझ्याकडे आल्या. आबा त्या करपलेल्या भाकऱ्या तक्रार न करता खात. तत्त्वाला जागणारा माणूस म्हणून मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा मानलं. पुढच्या पत्रकाचा मसुदा त्यांनी मला सुवाच्य करायला दिला, तेव्हा ‘बंधूंनो’च्या पुढे ‘आणि भगिनींनो’ आलेलं दिसलं. मी उत्सुकतेने खाली शोधलं. मजकुरात भगिनी कुठेच नव्हत्या.

पगारानंतरच्या रविवारी आत्या एकटीच बाजारात गेली. परत आली ती नवं लुगडं नेसूनच. पोपटी. इतकं पोपटी की दारात ती उभी राहिल्यावर कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या. टाकलेल्या बाईने असा रंग नेसावा हे आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. आबांचा हात लेखणीवर थांबला.

“कसं हाय?” तिने विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. घरात उतारा नव्हता. आत्या उंबऱ्यात उभी राहून वाट पाहत होती, टाय नसलेल्या साहेबासारखी.

“छान आहे,” आबा म्हणाले.

“शोभतं तुला,” मी म्हणाले.

आत्याने दोघांना नीट न्याहाळलं. “पास,” ती म्हणाली, आणि आत गेली.