चाळणीतून आलेलं इंटरनेट

"अजून नाही," दादा खालून ओरडला. "ती म्हणते, अजून नाही. आणि मी म्हणतो, तू खाली ये. तुझ्याच्यानं होणार नाही."

मी बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर उभा होतो. समोर लोखंडी पाइपला बांधलेली पिठाची स्टीलची चाळण, आणि ती मी भक्तिभावानं वळवत होतो. दादा गॅलरीत मान वर करून. आत कॉम्प्युटरपुढं वहिनी. वहिनी हळू आवाजात एक शब्द बोलायची आणि दादा त्याचं भाषण करून वर पाठवायचा. गॅलरीपासून गच्चीपर्यंत येताना तिच्या 'नाही'ला शेपूट फुटायचं, शिंगं फुटायची आणि वर माझ्या डिप्लोम्याचा उद्धार व्हायचा.

मी चाळण बोटभर डावीकडं सरकवली.

"आता?"

"आता होतं तेही गेलं."

"काय होतं?"

"सिग्नलची एक काडी होती कोपऱ्यात. ती गेली."

मी टाकीवरच बसकण मारली. माणूस किती दमू शकतो याची हद्द मी त्या सकाळी ओलांडून पलीकडं शेती करत होतो. पाय टाकीत सोडून बसावं असं मनात आलं, पण त्या पाण्यावर अख्ख्या बिल्डिंगचा वरण-भात होता.

ब्रॉडबँड तेव्हा नाशकात नवंनवं होतं. दादाची कंपनी बंद पडली होती आणि वहिनीनं घरबसल्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काम घेतलं होतं. म्हणजे असं, की अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचं सगळं तोंडी सांगून ठेवत. तो आवाज आपल्याकडं येई. वहिनी हेडफोन लावून तो ऐके, टाइप करी आणि दुपारच्या आत परत पाठवी. अमेरिकेत कुणाचं पित्ताशय काढलं हे त्याच्या बायकोच्या आधी आमच्या घरात कळायचं. घर वहिनीच्या कामावर चाललं होतं आणि हे कुणी मोठ्यानं म्हणायचं नाही, अगदी दादाही नाही, ज्याला हळू काही म्हणताच येत नव्हतं. फायली उशिरा गेल्या म्हणून काम देणाऱ्या एजन्सीनं तिला दोनदा समज दिली होती. पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्या कुणाला, असं स्वच्छ सांगितलं होतं. आणि त्या दिवशीची फाइल अजून घरातच बसून होती.

अडचण मुळात टेलिफोनची. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची नवी बिल्डिंग, तिला लाइनच मिळेना. लाइन होती मावशीच्या बंगल्यात. मध्ये द्राक्षाची एक बाग. बंगल्यांच्या मधोमध अशा बागा तेव्हा उरल्या होत्या, ताटातल्या शेवटच्या भातासारख्या. आता बागेवरून इंटरनेट आणायचं कसं, तर तिथं मी पुढं झालो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण घरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला माणूस असला की त्याला बोलवावं लागत नाही. मिक्सर जरा गुरगुरला की तो आपसूक ओट्यापाशी उभा असतो.

दोन राउटर घेतले. राउटर म्हणजे काय, तर दोन दांड्यांचा डबा. कंपनीनं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, अशा बेतानं लिहिलेलं असतं की आवाज स्वयंपाकघराच्या पुढं जाऊ नये. पण परदेशातल्या काही देवमाणसांनी दुसरंच फर्मवेअर लिहून फुकट वाटायला ठेवलं होतं. ते चढवलं की डब्याच्या अंगात यायचं. ताकद वाढवता यायची, दोन डबे एकमेकांशी बोलते करता यायचे. चढवताना वीज गेली तर मात्र डबा मेला म्हणून समजा, आणि तेव्हा आपल्याकडं लोडशेडिंग असं की पाहुण्यांनी वीज कधी असेल ते विचारून यावं. म्हणून मी दादाच्या स्कूटरची बॅटरी काढून राउटरला जोडली. स्कूटरचा हॉर्न बंद पडला. दादा कॉलेज रोडपर्यंत तोंडानं ओरडत गाडी चालवायचा. आवाज कमावला तो तिथं.

मग जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढून राउटरच्या डोक्यावर बसवला, कारण ताकद वाढवलेला डबा तापायचा. मूळ दांडी काढून तांब्याची तार घातली आणि तिच्यामागं चाळण. टॉर्चच्या दिव्यामागं आरसा असतो ना, तसं. चाळण लहरींना सैरावैरा जाऊ देत नाही, समोरच फेकते. एक चाळण आमच्या गच्चीवर, एक मावशीच्या. दोघी बागेवरून एकमेकींकडं बघत. ताकद मी एवढी केली की मावशीच्या गच्चीवर कावळा बसेना आणि पितृपक्षात लोकांना पान ठेवायला दुसऱ्या गल्लीत जावं लागलं. खोटं वाटत असेल तर मावशीला विचारा. ती म्हणेल कावळे आधीही बसत नव्हते, पण तिला विज्ञानातलं कळत नाही.

तर असं ते महिनोन्‌महिने चाललं आणि पितृपक्ष संपता संपता, त्या सकाळी, मेलं.

टाकीवर बसल्या बसल्या मला खाली बागेत ट्रॅक्टर दिसला. बागवाला फवारणी करत होता. वेलींवर निळसर धुकं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. द्राक्षावर बोर्डो मारतात, बोर्डोत मोरचूद, मोरचुदात तांबं. मी खाली उतरलो आणि बागेच्या कुंपणापाशी गेलो.

"आबा, फवारणी जरा थांबवा."

म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर बंद केला. "का रे?"

"तुमच्या मोरचुदातलं तांबं हवेत उडतंय. आमचं इंटरनेट खातंय."

"लय खातंय?"

"सगळंच."

"बरं झालं. दुकानदार म्हणला, नुसत्या बुरशीला चालतं."

पण माणूस भला. तंबाखू मळून होईस्तोवर थांबला, वर मलाही चिमूट दिली. धुकं निवळलं, वेली दिसायला लागल्या. मी गॅलरीकडं बघितलं. दादानं हात आडवा हलवला. म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर सुरू केला आणि म्हणाला, "आता तुझ्या चाळणीवर मारू का थोडं? तिला रोग पडला आसंल."

घरी आलो तर वहिनी तशीच बसलेली. काम टाइप करून तयार, आणि पाठवायला वाट नाही. तिनं घड्याळाकडं बघितलं नाही. मीच बघितलं. टाइप केलेलं ती पुन्हा पहिल्यापासून तपासत होती आणि तेच अंगावर येत होतं. दादा ओरडला की निदान भांडता येतं.

"वहिनी, दोष फर्मवेअरमध्ये आहे," मी म्हणालो. "नवी आवृत्ती आधीच उतरवून ठेवलेली आहे. ती मावशीच्या राउटरवर इथूनच चढवतो."

"त्यानं होईल?"

"होईलच."

दमलेल्या माणसाला 'होईलच' म्हणणं सोपं जातं, कारण 'होणार नाही' म्हटलं की कारणं द्यावी लागतात. राउटरला हवेतून फर्मवेअर चढवू नये हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण काडी एकदा आली, डोळा मारून गेली, पुन्हा आली, तेवढ्यात मी बटण दाबलं. स्क्रीनवरची पट्टी निम्मी भरली. दादा मागं उभा राहून देवाचं नाव घेत होता, तेही ओरडून. पट्टी तिथंच थांबली. काडी गेली ती गेलीच. मावशीकडचा डबा अर्ध्या वाक्यात मरून पडला होता.

"आता?" वहिनी म्हणाली.

"आता जाऊन बघतो."

आधी आमच्या टाकीवर राहिलेली हत्यारं शोधून गोळा केली, मग बाग ओलांडून मावशीच्या गच्चीवर चढलो आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकलो. समोर भिंत. गोधड्यांची. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं, आणि मावशीनं ते एवढ्या निष्ठेनं केलं होतं की तिच्या गच्चीवरून नाशिक दिसत नव्हतं. चार-चार जुन्या लुगड्यांच्या थरांच्या, हत्तीच्या कानांएवढ्या गोधड्या, निथळत, ओळीनं. ओल्या कापडातून या लहरी जात नाहीत. पाणी त्यांना पिऊन टाकतं, आणि इथं तर अख्खा तलाव वाळत घातलेला. शिवाय दोरीचं एक टोक माझ्या चाळणीच्याच पाइपला बांधलेलं. ओझ्यानं पाइप फिरून चाळणीनं देवळा तालुक्याच्या दिशेला तोंड केलं होतं. आमची सगळी मेहनत तिकडच्या कांदेवाल्यांना पोचत असणार.

मावशी पदर खोचून शेवटची गोधडी पिळत होती.

"मावशी, हे काय?"

"गोधड्या. तुझ्या घरी काय म्हणतात?"

"यांनी वहिनीचं काम अडवलंय. ओल्या गोधडीतून लहरी जात नाहीत."

"मग वाळल्यावर जातील."

"तोवर तिचं काम जाईल. जरा बाजूला घेतो दोन-तीन."

"हात लाव," मावशी शांतपणे म्हणाली. "तुलाच पिळून वाळत घालते. देवीला काय सांगू, भाच्याच्या चाळणीला त्रास होतो म्हणून मळक्यात बस?"

मी तिला समजावू लागलो, लहरी म्हणजे काय, पाणी म्हणजे काय. ती ऐकत होती, कोपऱ्यातल्या लाल भोपळ्याच्या वेलानं व्याख्यान ऐकावं तशी. मग म्हणाली, "तिचं काम म्हणजे ते अमेरिकेचं?"

"तेच."

"अरे, ती तर मगाशीच खाली येऊन बसली."

मी जिन्यावरून खाली धावलो. मावशीच्या मुलानं परदेशी जाताना आईशी कॅमेऱ्यातून बोलायला घेतलेला कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता, क्रोशाच्या रुमालाखाली, माझा डबा मध्ये न घेता टेलिफोनच्या लाइनला साध्या वायरनं जोडलेला. वहिनी मोठ्या रस्त्यानं चालत आली होती. टाइप केलेलं काम पेन ड्राइव्हमध्ये घालून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं तिनं. मी पोचलो तेव्हा ती उठत होती.

"गेली?" मी विचारलं.

"गेली. मिळाली म्हणून उत्तरही आलं."

मावशीनं तिला पोहे दिले. मला गोधडीचं एक टोक धरायला दिलं.

पुढं वहिनी रोज तिकडंच जाऊ लागली, तात्पुरती म्हणून. मी मेलेला डबा घरी आणला, पाठ उघडली, चिपच्या पायांना केसासारख्या तारा सोल्डर केल्या, दुसरं टोक कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या भोकात, आणि थेंबाथेंबानं त्याच्यात जीव घातला. थंडी येऊन गेली. माझ्या बोटांची सालं निघाली, डोळ्यांना नंबर लागला, चहाही सोल्डरच्या धुरासारखा लागायला लागला. मावशीच्या गच्चीवर पाइप इतका उंच केला की गोधड्या खाली आणि चाळण वर, ढगांशेजारी. एका सकाळी गॅलरीतून दादा ओरडला, तसा तो आयुष्यात ओरडला नव्हता. पाचच्या पाच काड्या, आणि एकही हलत नव्हती.

वहिनी चपला घालून दाराशी उभी होती, पेन ड्राइव्ह हातात.

"वहिनी, झालं," मी म्हणालो. "आता मावशीकडं जायचं काम नाही. आपल्या हॉलमध्ये बसून करा."

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "तिथं दार लावून बसता येतं."