चार फोडी

जुईच्या डोक्यावर, भोवऱ्याच्या जरा पुढे, जन्मतःच कातडी नव्हती. काळ्याभोर जावळाच्या मधोमध पावलीएवढा एक लालसर, ओलसर चकाकणारा गोल होता, आणि त्यावर दुधावर नुकती धरू लागलेल्या सायीसारखा एक पापुद्रा... इतका पातळ की खिडकीच्या उजेडात त्याखालची निळी शीर दिसायची. जुई माझी धाकटी बहीण. मी तेव्हा आठ वर्षांची होते. लालबागच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या डिसेंबरात दोन वास होते – शेगडीवर टाकलेल्या ओव्याचा आणि बाळंतशेपांचा दाट, गोडसर धूर, आणि इस्पितळातून आणलेल्या मलमाचा थंड, कडवट वास. धूर सगळ्यांना ओळखीचा होता, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी वडिलांना सारं नीट सांगितलं होतं. मी वडिलांचं बोट धरून शेजारी उभी होते. हे फार थोड्या मुलांच्या बाबतीत घडतं, त्या म्हणाल्या. पोटात असताना तेवढीच कातडी तयार होत नाही. कडेकडेने नवी धरेल, तिथे केस येणार नाहीत, बाकी मूल ठणठणीत आहे. मात्र तोवर, सहा आठवडे, त्या जागेला पाणी नको, तेल नको, कुणाचा हात नको. जखम खालच्या शिरेपर्यंत गेली तर मूल हाती लागणार नाही. आणि शेवटी, पेनाला टोपण लावता लावता – "घरी सांगा, आईचा यात काही दोष नाही."

वडील एका कंपनीत आवक-जावक टपाल पाहत. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही पाकीट गहाळ झालं नव्हतं. तेल-पाण्याची सूचना त्यांनी घरी येऊन दिली, दोष नसल्याची दिली नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही.

आईच्या माहेरी बाळंतपण करणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा दादरहून आत्या येऊन राहिली होती. आत्या शाळेत शास्त्र शिकवायची. ग्रहण कसं होतं हे ती सातवीच्या वर्गाला बॅटरी आणि रबरी चेंडू घेऊन दाखवायची, आणि चांगलं दाखवायची असं तिचे विद्यार्थी आजही सांगतात. आमच्या घरी येताना मात्र तिने बॅटरी आणली नव्हती.

बाळ बघायला बायका येत. डिंकाच्या लाडवांचा डबा खाली ठेवायचा, झबलं हातात द्यायचं, पाळण्यात वाकायचं, आणि मग पदर तोंडाला लावायचा – या क्रमात फरक पडत नसे. मुलीचे डोळे कसे आहेत, रंग कुणावर गेला, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आई पलंगावरून प्रत्येकीला एकच वाक्य ऐकवायची, "हात लावायचा नाही." बोलण्यात भिडस्त असलेली माझी आई ते वाक्य इतकं सपाट उच्चारायची की पाळण्याकडे निघालेली बोटं मागे यायची. पंधरा दिवस तिने एकटीने ती जागा कोरडी ठेवली. पापुद्र्याची कड सुकून घट्ट होऊ लागली होती.

सोळाव्या दिवशी दुपारी शेजारच्या पाटकरकाकू गॅलरीतून आत आल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या, आवाज खणखणीत.

"चेडवाच्या डोक्याक काय झाला, ता कळला की नाय अजून?" त्यांनी आत्याला विचारलं. "गरोदरपणात गिराण बिराण लागला होता काय?"

आत्या उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटू लागली. ऑगस्टच्या अमावस्येच्या चौकोनात ते सापडलं. सूर्यग्रहण. त्याखालीच बारीक अक्षरांत छापलं होतं की ते भारतातून दिसणार नाही. मी वाचायला शिकले होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"दिसलं नाही म्हणजे लागलं नाही असं थोडंच आहे?" आत्या म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "तू घरीच होतीस ना गं त्या दिवशी? आईने काय चिरलं होतं, आठवतंय?"

चार महिन्यांपूर्वीच्या एका दिवशी घरात काय चिरलं हे मला कसं आठवावं? पण जुई आल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता पाटकरकाकू, आत्या आणि दारात थांबलेल्या आणखी दोन बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या... इतक्या एकाग्रतेने माझ्याकडे आधी कुणीच पाहिलं नव्हतं.

"पेरू," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो. मला दिला होता. तिखट-मीठ लावून."

"किती फोडी केल्या होत्या?"

"चार."

चार का म्हणाले, ते मला ठाऊक नाही. पण आकडा सांगितल्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. पाटकरकाकूंनी मान डोलावली, "बघा. फोड काढल्यासारखीच आसा ती जागा." दारातल्या बायका चुकचुकल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर दुःख नव्हतं; कोडं सुटल्याचं समाधान होतं. संध्याकाळपर्यंत तो पेरू खालच्या मजल्यावर पोचला होता.

आई पडद्यापलीकडे पलंगावर होती. तिने सगळं ऐकलं. ती 'खोटं आहे' म्हणाली नाही. तिलाही ते आठवत नव्हतंच. आणि जे आठवत नाही ते नाकारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने वाटीत खोबरेल गरम केलं, त्यात हळद आणि कुठल्याशा मठाचा अंगारा कालवला. "टाळू भरली नाही तर डोकं कच्चं राहतं गं," ती म्हणाली, "आणि जे झालंय त्यावर काही उतारा नको का?" आईने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. 'हात लावायचा नाही' हे वाक्य त्या सकाळी आमच्या घरात उच्चारलं गेलं नाही. आत्याने तेलात भिजवलेला कापसाचा बोळा त्या जागेवर ठेवला, वर टोपडं बांधलं. जुई रडली नाही. तेलाचा वास चांगला होता.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पापुद्रा भिजून सुटला होता, कड पिवळी पडली होती. टॅक्सीतून इस्पितळात जाताना आईने तिचं डोकं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं होतं, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिचे हात ताठ होत होते.

त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी टोपडं सोडलं, बोळा पाहिला, आणि विचारलं, "हे कुणी लावलं?"

आत्या फ्लास्क धरून उभी होती. वडील भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. मी आत्याच्या पदराआड होते. तिघांनाही उत्तर माहीत होतं.

"मी," आई म्हणाली.

"कळत नाही का तुम्हाला? तुमच्या घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं मी." आईने मान खाली घातली. आत्याने फ्लास्क या हातातून त्या हातात घेतला.

अकरा दिवसांनी जुई घरी आली. शिरेपर्यंत काही पोचलं नव्हतं, तेवढ्यावर निभावलं. पण पावलीएवढी राहिली असती ती खूण आता खारकेएवढी झाली होती, आणि डोकं वाढलं तशी तीही वाढली. तिचं वाढणं मला तिच्या डोक्यावर काय होतं त्यावरून आठवतं : मे महिन्याच्या उकाड्यातली सुती टोपी, शाळेच्या वाटेवरचा ओला रुमाल, लग्नाच्या हॉलमध्ये भांगावर मुद्दाम आडवा बसवलेला गजरा. तिची वेणी आई दुसऱ्या कुणाला घालू देत नसे. रोज सकाळी कंगवा त्या जागेशी आला की थांबायचा, वळसा घ्यायचा, पुन्हा चालू लागायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारल्याशिवाय बोटाने तिचे केस बाजूला करून बघायच्या, आणि पाहून झाल्यावर 'बिचारी' म्हणायच्या. दहा वर्षांची असताना त्यातल्या एकीला जुईने सांगितलं, "काकू, पार्किंगची जागा आहे. लावायचं आहे का काही?" तिच्या वाट्याला आलेल्या सगळ्या मोठ्या माणसांत मिळून जेवढी समज होती, त्याहून जास्त त्या एका वाक्यात होती. आईने तिला त्याबद्दल मारलं, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

चाळ गेली. त्याच जागी मनोरा आहे, आणि आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर. आत्या निवृत्त झाली. जुईच्या नोकरीचे पेढे वाटताना ती लोकांना सांगत होती की पोरीचं पहिलं सगळं मीच केलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली. दोष नसल्याचा तो निरोप त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. मी त्यांच्यापेक्षा बरी नाही. मी तर लहानपणी बोलून मोकळी झाले, आणि मोठेपणी गप्प राहिले.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आई मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. पेरू मी रचला होता, फोडी मी रचल्या होत्या. डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या तेही सांगितलं, शब्दशः.

तिचे हात थांबले नाहीत. बरीच पानं खुडून झाल्यावर ती म्हणाली, "पेरू नसेल. पण त्या दिवशी स्वयंपाक मीच केला होता ना? कांदा चिरला असेल, भाजी चिरली असेल. काहीतरी चिरलंच असेल मी."

"आई, अगं, दोष नाही म्हणाल्या होत्या त्या."

"म्हणाल्या असतील. तेव्हा कळायला हवं होतं गं. आता एवढ्या वर्षांनी ते कुठे ठेवू मी?"

दारात किल्ली फिरली. जुई ऑफिसातून आली होती, तिने चपला भिरकावल्या, पर्स खुर्चीत टाकली आणि आम्हा दोघींकडे पाहत म्हणाली, "काय गं, कोणाचं काय चाललंय? चहा कोण टाकतंय?"

आईने मान वर केली. तिची नजर आधी जुईच्या डोक्यावर गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर आली.