दोन खिडक्या, एक वही

मॅट्रिक झाल्यावर मला शेगावात, स्टेशनाजवळच्या एका धर्मशाळेत काम लागलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच होतं. पुरुषांच्या खिडकीवर रिटायर झालेले एक मास्तर बसत, बायकांच्या खिडकीवर मी. मधल्या टेबलावर खोल्यांची एकच वही. कुलूप यात्रेकरू स्वतःचं लावत, त्यामुळे कोणती खोली रिकामी हे त्या वहीवरूनच कळे.

एका गुरुवारी नांदुऱ्याची एक बाई बाळंतीण लेकीला घेऊन आली. बाळ सव्वा महिन्याचं. मी वहीत सात नंबर रिकामा पाहिला, त्यांना वर पाठवलं आणि नाव मागाहून लिहू म्हणून पुढच्या बाईशी बोलू लागले. तेवढ्यात मास्तरांनी वही पाहिली. सात नंबर कोराच. त्यांनी तो धाड गावच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला दिला.

वरचा गलका ऐकून मी धावले तेव्हा दोन्ही कुटुंबं सात नंबरच्या दारातच उभी होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं. म्हातारी म्हणाली, "लेकराले आत घ्या. आम्ही ओट्यावर पडू."

"काऊन?" नांदुऱ्याची बाई म्हणाली. "खोली का लहान हाये?"

तासाभराने मी पुन्हा डोकावले, तर बाळ म्हातारीच्या मांडीवर झोपलं होतं आणि त्याची आई कितीतरी दिवसांची झोप काढत होती.

मी मास्तरांची माफी मागितली. ते म्हणाले, "पोरी, चूक तुही एकटीची नाही. आपण आधी पाह्यतो अन् मंग लिहितो. त्या मधातच गडबड होते."

त्यांनी एक लाल पेन्सिल वहीवर ठेवली. ज्याच्या हातात पेन्सिल, त्यानंच वही पाहायची. पाहायचं, लिहायचं, आणि मगच पेन्सिल खाली. तोवर दुसऱ्यानं नुसतं डोकावायचंही नाही.

पहिल्याच आठवड्यात मी पेन्सिल अंबाड्यात खोवून जेवायला गेले. परतले तर दोन्ही खिडक्यांपुढे रांगा खोळंबलेल्या, आणि मास्तर वहीसमोर हात बांधून बसलेले. पेनाने लिहायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"जेवलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सुतळीने टेबलाला बांधली. मी तिथे होते तोवर एक खोली पुन्हा कधी दोघांना गेली नाही.