साहेबांचा मांडव आणि घोड्याची पागा

मादन हिप्परग्याच्या अवतीभवती निजाम सरकारच्या जेवढ्या म्हणून शाळा होत्या, त्यांची छपरं, दारं, पाण्याचे रांजण आणि झाडू किशनराव सांभाळत. हुद्दा अहलकाराचा, म्हणजे कारकुनाचा. मरम्मतीसाठी दरसाल वरून जी रक्कम यायची तिच्यात एका शाळेचं छप्पर कसंबसं झालं असतं. शिवाय रकमेसोबत न चुकता हुकूम यायचा, की यातूनही काही बचत करून दाखवावी.

किशनराव बचत करून दाखवत. खिडकी मोडली तर ती तशीच ठेवत आणि उजेड वाढल्यामुळे घासलेट वाचलं असं लिहीत. दार वाळवीनं खाल्लं की कुलपाचा खर्च वाचे. बसायला तरट उरलं नाही की तरट झटकायचं काम उरत नसे, म्हणून झाडणाऱ्या बाईचा पगार अर्धा होई. वरचं दफ्तर अशा कागदांवर फार खूश असे. किशनराव स्वभावानं भित्रे, उर्दू अक्षर मात्र मोत्यासारखं. कागद बरोबर असला की जग बरोबर आहे, अशी त्यांची समजूत होती.

कवठ्याच्या वाडीतल्या शाळेवर मातीचं माळवद होतं. त्याच्या मरम्मतीचा कागद किशनराव दर उन्हाळ्यात पाठवत आणि दर पावसाळ्यात त्यावर एकच शेरा येई, 'गुंजाइश नहीं', म्हणजे पैशाला जागा नाही. शेवटी माळवदानं मंजुरीची वाट पाहणं सोडलं आणि ते खाली आलं. शुक्रवार होता, निजामी शाळांच्या सुट्टीचा वार, म्हणून कुणी मेलं नाही. वरून चौकशीही झाली नाही. मेलेलंच कुणी नाही, तर चौकशी कशाची करणार?

शाळेला मास्तर एकच, गुरुपादय्या. घरात कानडी बोलत, शाळेत मराठी शिकवत आणि पगाराची पावती उर्दूत लिहीत. त्यांनी आधी पोरांना लिंबाखाली बसवलं. पाऊस थांबेना तेव्हा पिराजी धनगर म्हणाला, "दिवसा मेंढरं रानात असत्यात. माझं वाडगं रिकामंच पडतंय. बसा की." वाडग्याच्या एका बाजूला छप्पर होतं. सकाळी मेंढरं बाहेर पडली की शाळा आत शिरे, आणि मेंढरं परतली की शाळा सुटे.

किशनरावांनी हे वर कळवलं. उलट टपाली शाबासकी आली. बिनभाड्याची जागा मिळवल्याबद्दल खातं संतुष्ट होतं आणि बाकीच्या शाळांसाठीही अशी वाडगी पाहून ठेवावीत, असं त्यात सुचवलं होतं. किशनरावांनी तो कागद राजूबाईला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवला. मग तट्टावर बसून ते वाडी पाहायला गेले.

पोरं ओल्या लेंड्यांवर बसून पाढे म्हणत होती आणि म्हणता म्हणता खाजवत होती. एका पोरीनं मांडीवरची गोचीड उपटून शेजारणीच्या पाटीवर ठेवली होती आणि दोघी ती कुठं जाते ते पाहत होत्या.

"पोरं कमी दिसायलीत, मास्तर," किशनराव म्हणाले.

"खरजेनं घरी बसल्यात, अण्णा," गुरुपादय्या म्हणाले. "आन् आता मेंढ्या व्यायला लागतील. पिराजी त्यांना दिवसा बी आत ठिवतो म्हणायलाय."

पिराजी कुंपणाशी उभा होता. तो ओशाळून म्हणाला, "मी तरी काय करू, साहेब? कोकरू उघड्यावर ठिवलं तर लांडगा नेतो. पोरांना काय कुणी नेत न्हाई."

किशनरावांनी तट्टू माघारी वळवलं. घरी ताटावर बसले, पण भाकरी मोडून तशीच ठेवली.

"कामून जेवायला न्हाईत?" राजूबाईनं विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. पुन्हा कागद लिहिला तरी काय उत्तर येईल, तेही सांगितलं.

"मग येणारच की तेच," राजूबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "पोरांच्या डोक्यावर छप्पर न्हाई म्हणून लिवता, त्यांना काय त्याचं? साहेबाच्या डोक्यावर ऊन येतंय म्हणून लिवा."

ती रागानं बोलली होती. किशनरावांना मात्र एकदम भूक लागली.

त्या हिवाळ्यात मोठ्या साहेबांचा दौरा ठरला होता. मरम्मतीच्या खात्यात पैसा नव्हता, पण इस्तकबालाच्या, म्हणजे साहेबांच्या स्वागताच्या खात्यात तो कधी आटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. किशनरावांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं की हुजूर वाडीत थांबतील तेव्हा ऊन लागेल, अवकाळी पाऊसही पडू शकेल. सबब शहाबादी फरशीचं जोतं, सागवानी खांब आणि वर पत्रे असा मांडव उभारण्याची परवानगी असावी. असला कागद त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. खाली सही करताना त्यांचं मोत्यासारखं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं उमटलं.

मंजुरी चार दिवसांत आली. सोबत ठपकाही होता. हुजुरांच्या घोड्याचा विचार का केलेला नाही?

किशनरावांनी लगेच घोड्याचाही विचार केला. मांडवाशेजारी पागा उभी राहिली. तिलाही फरशी आणि पत्रे होते, शिवाय गव्हाण आणि पाण्याचा नवा रांजणही होता. तालुक्यातल्या एकाही शाळेला इतकं धड बांधकाम मिळालं नव्हतं.

मग साहेबांना पडसं झालं आणि दौरा रद्द झाला. दुसऱ्याच दिवशी गुरुपादय्यांनी मोठी पोरं मांडवात आणि लहानी पागेत बसवली. गव्हाणीत पाट्या छान मावत होत्या. पिराजीच्या मेंढ्या निवांत व्यायल्या.

थोड्या दिवसांनी हुकूम आला की मांडव मोडून सामान लिलावात काढावं. किशनराव दोन दिवस तापानं पडले. उठून त्यांनी लिहिलं की मोडलेला मांडव पुन्हा बांधायला दुप्पट खर्च येईल, आणि हुजुरांना बरं वाटलं तर ते कधीही निघतील. आत जनावरं शिरू नयेत म्हणून दिवसा माणसं बसवली आहेत, त्यांना वेगळा पगार द्यावा लागत नाही. उत्तर आलं की दौरा होईपर्यंत मांडव जपावा.

त्यानंतर कैक वर्षं दौरा होणारच होता. साहेब बदलत गेले, दर हिवाळ्यात नव्या साहेबांची वाट पाहिली जाई आणि त्यांच्यासाठी पत्र्याला रंग लागे. पागेतून शिकून बाहेर पडलेला एक पोरगा हिप्परग्यात पटवाऱ्याच्या हाताखाली लागला.

आणि मग एक साहेब खरोखरच आले. मोटारीतून आले, त्यामुळे घोड्याची अडचण झाली नाही. मांडवात पोरं ओळीनं उभी राहिलेली पाहून ते प्रसन्न झाले. "हा मदरसा इथंच भरतो का?" त्यांनी शाळेबद्दल उर्दूत विचारलं.

किशनरावांनी झुकून सलाम केला. "जी नहीं, हुजूर. पोरं आपल्या स्वागताला आलीत."

"मग मदरसा कुठं आहे?"

कागदावर शाळा अजून वाडग्यात होती, म्हणून किशनराव साहेबांना वाडग्यात घेऊन गेले. आत व्यायला आलेल्या मेंढ्याच होत्या. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, मागं वळून पागेत डोकावलं, गव्हाणीतल्या पाट्या पाहिल्या आणि किशनरावांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं.

"मांडव शाळेला देऊन टाका," ते शेवटी म्हणाले आणि मोटारीत बसले.

किशनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आनंद महिनाभर टिकला. मग वरून हिशेबाची दुरुस्ती आली. मांडव आता शाळेचा, म्हणून त्याचा सगळा खर्च इस्तकबालातून काढून मरम्मतीत धरला होता आणि तो फिटेपर्यंत तालुक्यातल्या इतर शाळांना काही मिळणार नव्हतं. जोत्यावर मात्र साहेबांच्या औदार्याची दगडी पाटी बसली. तिच्यासाठी पैसा होता. स्वागताच्या जागेत पोरं बसवल्याबद्दल किशनरावांची बढती रोखली गेली आणि त्यांना बिदरजवळ नौबादच्या गोदामावर मोडकी बाकं मोजायला पाठवलं.

"इतर शाळांचं काय हो?" गाडीत सामान भरताना राजूबाईनं विचारलं.

"त्यांच्यासाठी मला काही सुचलं न्हाई," किशनराव म्हणाले. हे त्यांना पुढंही खात राहिलं.

बैलगाडी वाडीवरून गेली तेव्हा पावसाची सर आली. गाडीवाल्यानं बैल पागेच्या कडेला घेतले. आत गुरुपादय्या लहान्यांकडून बाराखडी म्हणवून घेत होते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मास्तरांनी किशनरावांना पाहिलं, मान हलवली, पण बाराखडी थांबवली नाही. किशनराव गाडीतून उतरले आणि खांबाला टेकून ऐकत उभे राहिले. पाऊस ओसरल्यावर राजूबाईनं दोनदा हाक मारली, तेव्हा ते गाडीत चढले.