राजाचा गुच्छ आणि नवरीचा

किशिनाऊ शहराच्या मोठ्या बागेच्या तोंडाशी राजा श्तेफानचा पुतळा क्रूस उंचावून उभा आहे. राजाला जाऊन शतके लोटली. चर्चने त्याला संतपद दिले ते अलीकडे. लग्नाची नोंदणी आटोपली की नवी जोडपी त्याच्या पायाशी फुले ठेवायला येतात. समोरच्या फुटपाथवर दोम्निका त्यांच्यासाठी दोन गुच्छ बांधते. राजा मेलेला, म्हणून तिथल्या रीतीने त्याची फुले सम. नवरी जिवंत, म्हणून तिच्या हातातली विषम. इतक्या वर्षांत तिला फुले कधी मोजावी लागली नव्हती. बोटांनाच ते ठाऊक असे.

इस्टरनंतर तिचा मुलगा इलारिओन इटलीत बांधकामावरून पडून वारला. त्याला गावच्या मातीत ठेवून ती थोड्याच दिवसांत पुन्हा बादल्या मांडून बसली.

“अगं वहिनी, जरा घरी थांब की,” शेजारीच फुले विकणारी नणंद झिनाइदा म्हणाली.

“घरी त्याचे बूट आहेत,” दोम्निका म्हणाली.

शनिवारी एका नवरदेवाची आई पुतळ्याच्या पायऱ्या उतरून तरातरा आली.

“अहो बाई, माझ्या सुनेच्या हातात सहा गुलाब? पुरायला निघालोय का आम्ही तिला?”

“मग राजाला देऊ सात!” झिनाइदाने हसण्यावारी नेले. “आधीच त्याच्या एवढ्या बायका झाल्या, आणखी एक होऊ दे!”

“थट्टा पुरे! हिला इथून उठवा, नाहीतर मी पालिकेच्या साहेबांकडे जाते.”

दोम्निका बादलीतल्या पाण्याकडे पाहत राहिली. जागा गेली तर दिवसभर त्या घरात बसावे लागेल, हे तिला समजत होते. भीती वाटायला हवी, असेही मनात आले. पण ती वाटली नाही.

झिनाइदाने आवाज उतरवला. “ताई, हिनं नुकताच मुलगा पुरलाय. हातांना आता समच सुचतंय.”

बाई थबकली. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, सुनेला हाक मारून तिच्या गुच्छातला एक गुलाब उपसला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून दोम्निकाच्या मांडीवर ठेवून निघून गेली. दोम्निकाने तो बादलीत परत टाकला.

“उठू का मी?” तिने विचारले.

“बैस गुमान. राजाचे तू बांध, नवरीचे मी बांधते.”

“बरं.”

पुढचे जोडपे रस्ता ओलांडत होते. दोम्निकाने राजासाठी फुले उचलली, देठ सारखे केले, दोरा गुंडाळला. झिनाइदाने ती मोजली नाहीत.