डावखुऱ्या मुलीचा बॉलपेन

मंडळी, आज दुपारी नातीने शाळेसाठी लिहिलेली बॉलपेनची माहिती वाचून दाखवली. हंगेरीतल्या एका पत्रकाराने छापखान्यातली झटपट वाळणारी शाई पाहिली आणि त्यावरून त्याला हा पेन सुचला. ऐकताना मला माझे बाबा आठवले.

सत्तरच्या दशकात, तुमसरजवळच्या आमच्या खेड्यात मी सातवीत होते. मी डावखुरी. शाईपेनाने लिहिलं की माझाच हात ओल्या अक्षरांवरून फिरायचा आणि पान बरबटायचं. गुरुजी उजव्या हाताने लिहायला लावायचे. अक्षर बिघडतं म्हणून बॉलपेनला शाळेत बंदी होती.

बाबा चौथी शिकलेले, धानाची शेती करणारे. एक दिवस ते बॉलपेन घेऊन थेट वर्गात आले.

"गुरुजी, पोरीचा हात खराब नाही जी. शाईच वाळाले वेळ लावून राहिली. हा पेन द्या तिले."

त्यांनी कागदावर माझं नाव लिहिलं आणि लगेच त्यावरून बोट फिरवलं. अक्षर जसंच्या तसं राहिलं.

गुरुजींनी तो पेन माझ्या हातात दिला. मग मला म्हणाले, "लिही बाई, डाव्याच हातानं लिही."

पुढे मी शिक्षिका झाले आणि त्याच हाताने तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आजही बाबांचा फार अभिमान वाटतो.

तुमच्यासाठी कधी कोणी असं शाळेत येऊन बोललं होतं का?